सत्तर वर्षांचा धीर



ख्रिस्ती घरांतल्या दिनदर्शिका, नव्या वर्षाच्या उपासनेनंतर वाटली जाणारी वचनांची कार्डे, इस्पितळात असलेल्या नातलगाला पाठवलेले संदेश, या सगळ्यांतून एक वचन सारखे भेटत राहते. ते यिर्मयाच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचे अकरावे वचन. देवाच्या मनातले बेत आपल्या हिताचे आहेत आणि पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. कठीण काळात बायबल माणसाला धीर देते म्हणजे नेमके काय करते, या प्रश्नासाठी मी आज हेच वचन आणि ते ज्या पत्रात आले ते पत्र घेतले आहे. सहासष्ट पुस्तकांवरून हात फिरवत गेलो तर सांत्वनाची वचने पुष्कळ गोळा होतील, पण प्रश्न तिथेच राहील. एका पत्रापाशी थांबलो तर निदान थोडा उलगडेल. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बायबलमधला धीर संकटाची मुदत लपवत नाही. ती मुदत सांगितल्यावरच तो बोलायला लागतो, आणि त्याचे बळ त्यातच आहे. पुढचे सगळे विवेचन या एका विधानाची तपासणी आहे.

पत्राचा काळ पाहू. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. राजा यहोयाखीन, राजमाता, दरबारी, कारागीर आणि लोहार यांना त्याने बाबेलला नेले. नगर मात्र पाडले नाही. मंदिर उभे होते, गादीवर सिद्कीया नावाचा नवा राजा बसवला होता. ही अर्धवट अवस्था फार फसवी होती. सगळेच गेले असते तर माणसांनी कपाळाला हात लावला असता. पण निम्मे शिल्लक असल्यामुळे हे सारे तात्पुरते आहे, वर्ष-दोन वर्षांत लोक परत येतील, असे मागे राहिलेल्यांनाही वाटत होते आणि नेलेल्यांनाही. या भावनेला शब्द दिले हनन्या नावाच्या संदेष्ट्याने. २८व्या अध्यायात तो मंदिरात सर्वांसमोर जाहीर करतो की परमेश्वराने बाबेलच्या राजाचे जू मोडले आहे आणि दोन वर्षांत राजा, बंदिवान आणि मंदिरातली पात्रे परत येतील. त्या वेळी संदेष्टा यिर्मया गळ्यात खरेखुरे लाकडी जू घालून फिरत होता, दास्य लांबणार याची खूण म्हणून. हनन्याने ते काढून मोडून टाकले. यावर यिर्मयाचे पहिले उत्तर काय होते? ‘आमेन, परमेश्वर तसे करो,’ अशा अर्थाचे. त्यालाही तेच हवे होते. मात्र आपल्याला हवे आहे म्हणून ते खरे ठरत नाही, एवढे त्याला कळत होते. तो निघून गेला आणि नंतर परत येऊन म्हणाला की लाकडाचे जू मोडलेस, आता त्या जागी लोखंडाचे येईल.

या प्रसंगाला लागूनच ते पत्र येते. सिद्कीयाने नबुखद्नेस्सराकडे पाठवलेल्या दोन वकिलांबरोबर यिर्मयाने ते बंदिवानांना पाठवले. देवाचे बेत हिताचे आहेत, ही गोष्ट पत्रात सुरुवातीला येत नाही. सुरुवात वेगळीच आहे. घरे बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळे खा. लग्ने करा, मुले होऊ द्या, मुलांचीही लग्ने लावून द्या. ज्या नगरात तुम्हाला धरून नेले त्या नगराचे कल्याण चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. दोन वर्षांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचे ऐकू नका. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर परतीची भाषा, आणि त्यानंतर कुठे ते अकरावे वचन. पत्र हातात पडलेल्या तिशीतल्या लोहाराने हिशेब केला असेल, तर तो एका क्षणात झाला असेल. आपण परत जाणार नाही. आपली मुले गेली तर म्हातारपणी जातील. जातील ती नातवंडे. सत्तर हा आकडा काटेकोर आहे की गोळाबेरजेचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणती घटना आरंभ धरायची यावर उत्तर बदलते. एका आयुष्याइतका काळ असा त्याचा अर्थ घेणे मला सयुक्तिक वाटते. पत्र वाचणाऱ्यांना त्याचा अर्थ नीट पोचला होता, याचा पुरावा त्याच अध्यायात आहे. शमाया नावाच्या बंदिवानाने बाबेलहून यरुशलेमच्या याजकाला उलट लिहिले की मुदत लांब आहे, घरे बांधा, असे लिहिणाऱ्या या वेड्याला तुम्ही खोड्यात का घालत नाही? आज दिनदर्शिकेवर शोभणाऱ्या वचनाला मिळालेली पहिली नोंदलेली प्रतिक्रिया ही आहे.

लोकांनी पुढे केले काय, याचे काही धागेदोरे जमिनीतून वर आले आहेत. बाबेलच्या राजवाड्याच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर, कोणाला किती तेल दिले याच्या नोंदींत, यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पुत्र आढळतात. त्याहून महत्त्वाच्या पाट्या ‘अल-याहुदू’ म्हणजे यहूद्यांचे गाव या नावाच्या वस्तीशी संबंधित आहेत. त्यांतली सर्वांत जुनी इ. स. पू. ५७२ची. कर्जे, भाडेपट्टे, शेतीचे करार, वारसाहक्क असले रुक्ष व्यवहार त्यांत आहेत, आणि नावे यहूद्यांची आहेत. या माणसांनी यिर्मयाचे पत्र वाचले होते असे म्हणायला आधार नाही, आणि मी तसे म्हणत नाही. सत्तेने वसवलेली माणसे कुठेही शेवटी शेती करतातच. तरीही पत्रात सांगितलेले जगणे कविकल्पना नव्हते, ते शक्य होते आणि लोक ते जगले, एवढे या पाट्यांवरून दिसते.

इथे एक विरोधाभास लक्षात घ्यायला हवा. माझ्या मते विषयाची सगळी मेख त्यातच आहे. आज ज्याचे वचन उत्तेजन म्हणून सर्वाधिक वाटले जाते त्या यिर्मयावर त्याच्या हयातीत ठेवलेला आरोप लोकांना नाउमेद करण्याचा होता. ३८व्या अध्यायात सरदार राजाला सांगतात की हा माणूस उरल्यासुरल्या सैनिकांचे आणि लोकांचे हात गाळून टाकतो आहे, याला मारून टाका. मग त्याला चिखलाने भरलेल्या हौदात सोडले गेले. एबद-मलेख नावाच्या कूशी सेवकाने दोरांनी वर काढले म्हणून तो वाचला. हा आरोप त्या काळी खरोखरच चलनात होता. १९३५ साली यहूदातल्या लाखीश येथे सापडलेल्या, त्याच काळच्या खापरांवरच्या लष्करी पत्रांपैकी एकात एक अधिकारी हात गाळणाऱ्या बोलण्याबद्दल जवळजवळ अशीच तक्रार करताना दिसतो. वेढ्यात सापडलेल्या राज्याला धीराचे बोलणे हवे असते आणि त्याची व्याख्या राज्य स्वतः करते. हनन्याचे बोलणे त्या व्याख्येत चपखल बसत होते. पण त्या धीराला कालमर्यादा होती. दोन वर्षे गाठोडे बांधून बसलेल्या माणसाने तिसऱ्या वर्षी काय करायचे, याचे उत्तर हनन्याकडे नव्हते. खोट्या आश्वासनाने होणारे नुकसान दुहेरी असते. आश्वासन तर जातेच, शिवाय ते ज्याच्या नावाने दिले त्या देवावरचा विश्वासही जातो. आजारी माणसाभोवती जमून ‘श्रद्धा ठेवा, महिन्याभरात चालू लागाल’ असे सांगणाऱ्यांनी, त्यांचा हेतू कितीही चांगला असो, यिर्मयाचे २८ आणि २९ हे दोन अध्याय सलग वाचावेत.

मात्र नुसते खरे सांगणे म्हणजे धीर नव्हे. तसे असते तर तपासणीचा अहवाल हेच सांत्वन ठरले असते. बायबल मुदत सांगितल्यावर दोन गोष्टी माणसाच्या हाती देते: तक्रार आणि काम.

तक्रारीला बायबलमध्ये किती जागा आहे, हे आपल्या उपासनांवरून कळणार नाही. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती काळ, का, असे त्यांतले प्रश्न. त्यांतली बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, पण ८८वे वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, आणि तरीही संग्राहकांनी ते ठेवले. विलापगीताच्या पाच अध्यायांपैकी पहिल्या चारांची रचना हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहे. दुःख अनावर असताना इतकी शिस्त कशाला, असे वाटेल. मला ती शिस्तच दुःखाला धरून ठेवणारी वाटते. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हा त्या पुस्तकातला प्रसिद्ध भाग तिसऱ्या अध्यायात, म्हणजे मधोमध येतो. शेवट त्याने होत नाही. शेवटी येतो तो देवाने आम्हाला कायमचे टाकले की काय, हा प्रश्न. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होते. बोलायला लागले आणि बिघडले. त्यांचे प्रत्येक वाक्य धार्मिक आहे, आणि अखेरीस देव रागावतो तो त्यांच्यावर. देवाला जाब विचारणारा ईयोब योग्य ते बोलला असा निर्वाळा मिळतो. खुद्द यिर्मया २०व्या अध्यायात देवाने आपल्याला फसवले असे म्हणतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. येशू वधस्तंभावर ज्या शब्दांत ओरडला ते शब्द एका विलापस्तोत्राचा आरंभ आहेत.

देवाशी भांडणे ही मराठी माणसाला नवी गोष्ट नाही. विठ्ठलाला खडसावणारे, त्याच्यापुढे रुसणारे संत आपण शतकानुशतके गात आलो आहोत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे कवी नारायण वामन टिळक म्हणत, त्याचा अर्थ प्रेमभक्तीपुरता मर्यादित करण्याचे कारण नाही; त्या पुलावरून हक्काचे भांडणही येऊ शकले असते. मिशनरी उपासनापद्धतीच्या सभ्यपणात ते बरेचसे मागे राहिले, असे माझे मत आहे. १९८६ साली वॉल्टर ब्रुगेमन या जुन्या कराराच्या अभ्यासकाने विलाप हरवल्याने मंडळीचे काय नुकसान होते यावर एक निबंध लिहिला. तक्रार बंद झाली की देवाशी बोलायला स्तुती आणि अपराधभाव एवढेच उरते, आणि न्यायाचा प्रश्न विचारायचीच सोय राहत नाही, असा त्याचा रोख. मला तो पटतो. ज्याला तक्रार करता येते त्याने ऐकणारा कोणीतरी आहे हे गृहीत धरलेले असते. संपूर्ण निराशेत माणूस तक्रारही करत नाही.

दुसरी गोष्ट कामाची. राजांच्या पहिल्या पुस्तकात, १९व्या अध्यायात, एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. बोलणे नंतर. यिर्मयाच्या ३२व्या अध्यायातली गोष्ट तर व्यवहारी माणसाला वेडेपणाची वाटावी. नगराला वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि त्याचा चुलतभाऊ येऊन अनाथोथचे शेत विकत घे म्हणतो. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावे म्हणून. या देशात पुन्हा घरे, शेते विकत घेतली जातील, हा त्यामागचा भाव. नगर पडणार हे सांगत असतानाच तो हे करतो.

हे शेत अडीच हजार वर्षांनी एका जर्मन पाळकाच्या कामी आले. हिटलरला विरोध करणाऱ्या डीट्रिख बोनहोफर यांनी १९४२च्या अखेरीस आपल्या सहकाऱ्यांसाठी लिहिलेल्या टिपणात यिर्मयाच्या या खरेदीचा उल्लेख केला. ५ एप्रिल १९४३ला अटक झाल्यावर बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मारिया फॉन वेडेमायर या आपल्या वाग्दत्त वधूला लिहितानाही त्यांना तीच खरेदी आठवली. अशा काळात लग्न ठरवणे म्हणजे शेत विकत घेण्यासारखेच. केडगावच्या पंडिता रमाबाईंची गोष्टही याच जातीची आहे. आईवडील दुष्काळात गमावलेल्या या बाईने १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्यांच्यासाठी शेती, विणकाम, छापखाना उभा केला. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेल्यावरही ते काम सोडले नाही.

आता आक्षेप. पहिला साधा आहे: कॅन्सरच्या वॉर्डात एखादी बाई अकरावे वचन उशाशी ठेवून रात्र काढते, तिला इतिहास सांगून तुम्ही काय मिळवणार? आक्षेप रास्त आहे. तिच्या हातातले कार्ड काढून घेणारा अभ्यास कसलाच उपयोगाचा नाही. मात्र ते वचन फक्त अर्धे दिल्यामुळे अनेकांना पुढे जो धक्का बसतो, त्याचीही जबाबदारी वचने छापणाऱ्यांनी घ्यायला हवी. अकराव्याबरोबर सत्तर वर्षांचे दहावे वचनही छापले तर त्या बाईला कमी मिळेल असे मला वाटत नाही. तिचा आजार लांबला तर देवाने शब्द मोडला असे तिला वाटणार नाही. आणि धीर मिळायला संकट संपण्याची वाट पाहावी लागत नाही, हे तिला पूर्ण वचनातूनच कळेल. फिलिप्पैकरांस पत्रातले, सगळे करायला मी समर्थ आहे या आशयाचे वचन खेळाडूंच्या बुटांवर दिसते; पौलाने ते तुरुंगातून, भूक आणि भरले पोट या दोन्हींची सवय झाली असे सांगताना लिहिले. तिथेही वचन असेच अर्धे पोचले आहे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. घरे बांधा, धरून नेणाऱ्यांच्या नगराचे कल्याण चिंता, हा गुलामांना दिलेला शहाणपणाचा डोस नव्हे काय? मार्क्सने १८४४ साली धर्माला अफू म्हटले ते याच अर्थाने. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला खऱ्या दुःखाविरुद्धचा निषेधही म्हटले होते, हे क्वचितच सांगितले जाते. बायबलचा उपयोग गुंगी आणायला झाला आहे यात शंका नाही. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक भागांचे एक बायबल छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलच्या १,१८९ अध्यायांपैकी त्यात २३२च होते, आणि मिसरातून झालेल्या सुटकेची कथा गाळलेली होती. पण आक्षेपाचे उत्तर याच पुराव्यात आहे. संपूर्ण पुस्तक गुंगीच आणत असते तर कात्री चालवायची गरज पडली नसती. यिर्मयाही बाबेलला अभय देत नाही. सत्तर वर्षांनी बाबेलच्या राजाचाही हिशेब होईल, असे २५वा अध्याय सांगतो. कल्याण चिंतण्याची आज्ञा आणि सत्तेचा शेवट, दोन्ही एकाच माणसाने सांगितले. सत्तेला फक्त पहिले ऐकायचे असते.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही. सत्तर वर्षे ज्यांना मिळाली नाहीत त्यांचे काय? पत्र वाचणारा लोहार बाबेलमध्येच मेला. बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ला फ्लॉसेनबुर्ग येथे फाशी दिले. युरोपातले युद्ध त्यानंतर महिनाभरातच संपले. त्यांचे लग्न झाले नाही. वचन एका समाजाला दिले होते, एकेकट्या माणसाला नव्हे, हे उत्तर बरोबर असले तरी मरणाऱ्याला पुरेसे नाही. ख्रिस्ती श्रद्धा पुनरुत्थानाची आशा इथे ठेवते आणि मीही ती नाकारत नाही. पण पौल ती घाईने ठेवत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आधी सगळी सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आत्माही कण्हतो, मग पुढचे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी तो आपण जगण्याचीही आशा सोडली होती असे मोकळेपणाने लिहितो. आणि इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय तर विश्वासाच्या थोर माणसांची यादी देऊन स्पष्ट म्हणतो की वचन दिलेले त्यांना मिळाले नाही. हा आक्षेप बाहेरून कोणी आणण्याआधी बायबलने स्वतःच्या पानांवर नोंदवून ठेवला आहे.

शेवटी ज्यांना वचन मिळाले त्यांचे पाहू. पारसाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकल्यावर काही लोक परतले आणि मधल्या काळात बाबेलने पाडलेल्या मंदिराचा नवा पाया घातला गेला. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात त्या दिवसाचे वर्णन आहे. तरुण आनंदाने ओरडत होते आणि पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडत होते. रडणे कुठले आणि जयघोष कुठला हे ओळखता येत नव्हते. इतकी वर्षे वाट पाहून आलेला दिवस निम्मा रडण्यात गेला, आणि कोणी त्या म्हाताऱ्यांना तोंड मिटायला सांगितल्याची नोंद नाही. पुढे इ. स. पू. ५२० मध्ये बांधकाम रखडलेले असताना संदेष्टा हाग्गय लोकांपुढे उभा राहिला. नवे मंदिर जुन्याहून देखणे दिसते, असे त्याने म्हटले नाही. पूर्वीचे वैभव पाहिलेले तुमच्यात कोण उरले आहेत, आणि त्यांना हे आत्ता काहीच नसल्यासारखे वाटत नाही का, असे त्याने आधी विचारले. त्यानंतर, तेही वाटणे खोडून न काढता, धीर धरा आणि कामाला लागा असे सांगितले. चार वर्षांनी ते मंदिर बांधून पुरे झाले.